कालवलेलं ताट

सिनेमा कशावरचा आहे ते आधी विचारलं असतं, तर मी यांना तिकडे नेलंच नसतं. जळगावात आमच्या कॉलनीतल्या हौशी मंडळींनी हॉल घेतला होता, चहा-बिस्किटं होती, म्हटलं चला. पडद्यावर डोंगरातला मठ दिसला आणि मी यांच्याकडे चोरून पाहिलं.

लग्नाआधी हे फैजपूरकडच्या एका मठात राहत होते. हे मला यांनी नाही, सासूबाईंनी सांगितलं, शेवटच्या आजारात, माझा हात धरून. "तो मठात व्हता वं माय. त्याले काही इचारू नको, नाही त पुन्हा चालला जाईन." मुलगी कॉलेजात गेली, तरी मी विचारलं नाही.

सिनेमा फार संथ. मठातला एक साधू आणि रोज दाराशी दूध ठेवून जाणारी एक बाई. दोघं बोलत नाहीत. शेवटी तो तिच्याबरोबर निघून जातो, संसार करतो. मी जरा सैल झाले, तेवढ्यात म्हातारपणी एका संध्याकाळी लांबून घंटा ऐकू येते आणि तो भरल्या ताटावरून उठून चालू लागतो. ती अडवत नाही. असा राग आला मला तिचा! अडव की गं त्याला! शेजारी हे पापणी न हलवता बसले होते.

येताना स्कूटरवर मी मागे यांचा शर्ट मुठीत धरून बसले. एरवी मी धरत नाही.

घरी वरण-भात, वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. यांची जेवायची तऱ्हा नात्यागोत्यात चेष्टेचा विषय आहे. भाताला भाजी लागलेली चालत नाही, प्रत्येक गोष्टीला वेगळी वाटी. "ताटात कुंपणं घालून देऊ का?" असं मी चिडवते. त्या दिवशी यांनी भरताची वाटी ताटात उपडी केली, वरण ओतलं, भाकरी कुस्करली, वर तांब्यातलं पाणी घातलं आणि सगळं कालवलं.

"मठात असंच जेवायचो," हे खाली बघत म्हणाले. "जिभेला काही आवडू नये म्हणून. आईने तुला सांगितलंय, मला माहीत आहे."

"तुम्ही जाणार का?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

यांनी आधी सगळं ताट संपवलं, मग रिकामं ताट माझ्यापुढे केलं. "तिथे आवडलं म्हणायची बंदी होती. भरीत वाढ अजून. वाटीत."

मी इतक्या घाईने वाढलं की निम्मं भरीत वाटीबाहेर सांडलं. हे हसले. मला हसू आलं नाही.

भीती गेली म्हणेन तर खोटं होईल. अजून रोज वाट्या वेगळ्या मांडते आणि यांनी पहिला घास घेईपर्यंत माझ्या ताटाला हात लावत नाही. बघणाऱ्यांना वाटतं, केवढी पतिव्रता!