दारोगाचं जेवण

आज सकाळी आमचा दारोगा उपाशी गेला.

आईला हेच सगळ्यात जास्त लागलंय. म्हणून लिहितोय.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दारोगा म्हणजे आमचा कुत्रा. आयरिश टेरियर. फार मोठा नाही, फार लहान नाही. नारळाच्या शेंडीसारखे राठ तांबूस केस आणि तोंडाला दाढीमिशा. बाबांनी पिल्लू आणलं तेव्हा मिशा बघूनच नाव ठेवलं.

विद्यानगरच्या आमच्या गल्लीत त्याचा वचकही तसाच होता. गच्चीवर उंदीर नाही, मांजर नाही. कावळा तर कठड्यावर टेकायचाही नाही.

समोरचे चाचा खालून विचारायचे, "क्या दारोगासाब, सब खैरियत?"
हा वरून सविस्तर रिपोर्ट द्यायचा.

अडचण होती ती जेवणाची.

आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. आणि डॉक्टरांनी सांगितलं, याला मांस द्यावं लागेल.

बाबांनी गच्चीवर वेगळी शेगडी मांडली. पातेलं वेगळं, पळी वेगळी. ते कोर्टात क्लार्क होते. संध्याकाळी घरी आले की पंचा गुंडाळून चिकन उकडायचे. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. निवलं की एकेक हाड काढून भातात कालवायचे. मग आंघोळ, आणि मगच स्वयंपाकघरात.

आई गच्चीचं दार लावून घ्यायची. "तुमचं आटोपलं की सांगा. मला वास सहन होत नाही."
"अगं, बिनकांद्याचं आहे. सात्त्विक चिकन."
आई हसायची नाही. निदान त्यांच्यासमोर.

रविवारी केसांचं काम असायचं. टेरियरच्या राठ केसांना कात्री लावली की ते मऊ पडतात, रंगही फिका होतो. मेलेले केस चिमटीने उपटावे लागतात. बाबा उपटत बसायचे आणि दारोगा डोळे मिटून पडून राहायचा.

मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना बाबा गेले. कोर्टातच. हार्ट अटॅक.

दारोगाने जेवण सोडलं.

मी बाबांसारखंच सगळं केलं. तेच पातेलं, तोच भात. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. दिवसभर थंड शेगडीपाशी बसून असायचा. बरगड्या दिसायला लागल्या. मला वाटायचं, आता हाही जाणार.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना.

काका म्हणाले, "दादा, पोराच्या शिक्षणाचं मी बघतो."
काही नाही.
मामा म्हणाला, "दाजी, ताईला काही कमी पडू देणार नाही."
काही नाही.

ऊन चढलं. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. "दर्भाचा कावळा करू या का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हणालो, "बाबा, दारोगाला मी सांभाळीन."
एक कावळा खाली उतरला. पिंडाकडे पाहिलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.
मामा माझ्या कानात म्हणाला, "तुझ्यावर भरवसा नाही रे त्यांचा."

मग आई पुढे आली. आमच्याकडे बायका घाटावर येत नाहीत, ती हट्टाने आली होती. हात जोडून म्हणाली, "त्याचं जेवण मी करीन. माझ्या हाताने."

कोणाचं जेवण, ते काकांना कळलं नाही, मामालाही नाही.
मला कळलं.
आणि कावळ्याला.

त्याच संध्याकाळी ती गच्चीवर गेली. नाकाला पदर लावून शेगडी पेटवली. "काय काय घालायचं नाही, ते सांग."

ताटली पुढे ठेवून त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "खा रे. मी शब्द देऊन आले."
बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होते.
मग तो खायला लागला.

तेव्हापासून आजपर्यंत शेगडी आईकडे. चिकन आणणं आणि हाडं काढणं माझ्याकडे.
दुकानदार मला भटजी म्हणून चिडवायचा, "क्या पंतुलु, दारोगासाब का हिस्सा? या अब घर में बी शुरू हो गया?"

आई विचारायची, "हाडं बघितलीस?"
"बघितली."
"परत बघ."
मी परत बघायचो. खरं तर तिने सांगितलं नसतं तरी बघितली असती.

शिजवून झालं की आंघोळ. थंडीतसुद्धा.
"आई, नुसते हात धू ना."
"नक्को. ते करायचे, मी पण करीन."

दारोगा म्हातारा झाला. किडनी बिघडली. तारनाक्याच्या डॉक्टरांनी जेवण बदलून दिलं, चिकन अगदी थोडं केलं. दात पडले, मग आई भात बोटांनी कुस्करून द्यायची. शेवटी त्याने तेही सोडलं. ओठांना लावलेलं पाणी तेवढं चाटायचा.

आज तिने लवकर उठून पेजेसारखा मऊ भात केला. ताटली घेऊन वळली, तर तो शेगडीपाशीच आडवा होता. गेलेला.

"एक घास तरी खायचास रे," एवढंच म्हणाली.

मी तिला सांगितलं, शेवटी कुत्री आपणहूनच खाणं सोडतात, डॉक्टर म्हणाले होते ना. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शब्द मी दिला होता, डॉक्टरांनी नाही."

मामाने गाडी आणली. शहराबाहेर त्याच्या प्लॉटवर, कडुनिंबाखाली दारोगाला ठेवून आलो.

घरी आलो तर ताटली तशीच होती. आईने ती उचलून कठड्यावर ठेवली.
मला धास्ती वाटली. कावळा आला नाही तर? आता काय कबूल करायचं?

कावळा लगेच आला.
आधी सवयीने इकडेतिकडे बघितलं. मग खायला लागला. आमच्या कठड्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आई म्हणाली, "बघ कसा निवांत खातोय. ओरडायला कोणी नाही."
आणि मग रडली.

बाबा, दारोगा तुमच्याकडे निघालाय.
आईने काही कमी केलं नाही, ते तोच सांगेल.
उपाशी आहे. पोचल्या पोचल्या वाढा.
हाडं नीट बघा.