पत्रकाखालची दोन नावं

संरक्षणशास्त्राच्या एम.ए.ला तिसऱ्या सत्रात आम्हाला ‘दहशतवाद आणि दहशतवादविरोधी उपाय’ असा पेपर होता. ऐंशी गुण लेखी, वीस अंतर्गत. पहिल्या तासाला सरांनी सांगितलं की दहशतवादाच्या व्याख्येवर जगात एकमत नाही. दुसऱ्या तासाला ती व्याख्या लिहून दिली. आम्ही उतरवून घेतली. जगाचं जगानं पाहावं, आम्हाला परीक्षा द्यायची होती.

माझे वडील वाळूजला कंपनीत आहेत. दुसऱ्या पाळीला निघता निघता त्यांनी माझं पुस्तक चाळलं. म्हणाले, “पास झाल्यावर नेमकं कुणाला धरणार तू?” मी म्हटलं, धरायचं नाही, अभ्यास करायचा. “मग पगार नसंल त्याला,” म्हणाले आणि बूट घालायला लागले.

खरं शिक्षण माझं विद्यार्थी संघटनेत झालं. बारावीपासून मी पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते. शिष्यवृत्ती अडकली, पत्रक. पडेगावात नळ कोरडे, पत्रक. आमच्यात पक्का नियम होता: लोकांना आधी सांगितल्याशिवाय त्यांच्या दारात जायचं नाही, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं. निनावी पत्रक भित्री माणसं काढतात.

तर सरांनी एक फॉर्म दिला. ‘कट्टरतेकडे झुकण्याची लक्षणं’. एकूण बारा. जुन्या मित्रांपासून दुरावा. संध्याकाळच्या बैठका. साहित्य वाटणं. शासनाविषयी सतत तक्रारीचा सूर. मी प्रामाणिकपणे स्वतःचा भरला, बारापैकी नऊ आले. सरांना नेऊन दाखवला. ते हसले. “अहो, हे तुमच्यासारख्यांसाठी नाहीये.” मग कुणासारख्यांसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. सभ्य माणूस. त्यांनी वर्गातल्या सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, एक बाक तेवढा सोडला. त्या बाकावर माझी मैत्रीण बसायची, डोक्यावरची ओढणी सावरत, सगळं लिहून घेत. वर्गात सगळ्यात जास्त गुण तिचे होते.

पुढं अंतर्गत गुणांसाठी ‘संवेदनशील वस्ती’चा सर्व्हे आला. आम्हा दोघींचा गट, आणि वस्ती मिळाली ती तिचीच. “लोकल आहात, सोपं जाईल,” सर म्हणाले. म्हणजे शेजारच्या खालाची आणि रोज दूध देणाऱ्या चाचांची लक्षणं तिनं मोजायची. किती ती सोय.

तिची अडचण वेगळीच होती. घरी तिनं राज्यशास्त्र शिकते म्हणून सांगितलेलं. तिच्या अब्बांचं गुलमंडीजवळ छोटं दुकान. बी.ए. झाल्यापासून नातेवाईक लग्नाचं बघा म्हणून मागं लागलेले, आणि मुलगी प्रोफेसर होणार एवढ्या एका शब्दावर अब्बांनी सगळ्यांना थोपवून धरलेलं. हा कसला कागद घेऊन ती गल्लीत फिरणार आहे हे कळलं असतं, तर परीक्षेचा फॉर्म भरायला घरून होकार मिळाला नसता. म्हणून तिनं ठरवलं, ओळखीच्या दहा घरांत जायचं, पाणी, लाईट, नोकऱ्या यावर बोलायचं, फॉर्म भरून देऊन टाकायचे. “चुपचाप करू यार. सत्र संपलं की संपलं.”

मी हो म्हटलं. अगदी मनापासून. आणि संध्याकाळी पत्रक लिहायला बसले.

‘तुमच्या गल्लीत दहशतवाद कोण शोधतंय?’ असा मथळा. खाली फॉर्ममध्ये काय विचारतात, उत्तर न द्यायचा हक्क कसा आहे, सगळं मुद्देसूद. मजकूर उत्तम होता, आजही माझं तेच मत आहे. पिवळा कागद, दोनशे प्रती, आणि खाली निवेदक म्हणून दोघींची पूर्ण नावं. पूर्ण नाव म्हटलं की आपल्याकडं मध्ये बापाचं नाव येतं. माझ्या नावात माझ्या वडिलांचं, तिच्यात तिच्या अब्बांचं. तिला विचारायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीनं जाऊन अख्ख्या गल्लीत वाटून आले. वर तिला आवडेल असंही वाटत होतं.

तासाभरात पत्रक दुकानात पोचलं. शेजारच्या दुकानदारानं अब्बांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलीचा विषय त्यांना असा कळला, भर बाजारात, दहशतवाद या शब्दाखाली स्वतःच्या नावासकट.

त्यांनी मला बोलावलं. मी मुद्दे तयार करून गेले. ती मागं फळीपाशी उभी होती, माझ्याकडं बघत नव्हती. अब्बांनी मला बसायला स्टूल दिलं.

“पर्चा अच्छा लिखा, बेटा. सच लिखा,” ते म्हणाले. “तीस साल से मेरा नाव दोनच ठिकाणी आहे. दुकानाच्या पाटीवर आणि राशन कार्डावर. तिसरी जगह तुम लगा दिए.”

मी सुरू झाले. हक्क, लपून काही होत नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पत्रकावर बोट ठेवलं. “इसमें तुम्हारे अब्बा का भी नाम है. उनके पास कौन आया पूछने?”

कुणीच नाही.

तिला घरी बसवलं. परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. मी दोन दिवस गल्लीत दारोदार पत्रकं परत मागत फिरले. कुणी त्यावर पापड वाळत घातलेले. एका बाईंनी, हे पाण्याचं हाय ना, मग अजून चार दे म्हणून सांगितलं. निम्मीसुद्धा हाती लागली नाहीत.

सुटका तिची तिनंच केली. तिसऱ्या दिवशी तिनं कोरा फॉर्म अब्बांसमोर ठेवला, बाराही लक्षणं वाचून दाखवली, दीड वर्ष काय शिकते ते सांगितलं. चौथ्या दिवशी ते तिला घेऊन विभागात आले, सरांसमोर बसले आणि म्हणाले, “पहले मेरा भर लो, साहब. मोहल्ले का बाद में.”

सरांनी चहा मागवला. आमच्या विभागात लाज वाटली की चहा येतो. अब्बांनी चहा बाजूला सरकवला आणि पहिला प्रश्न मागितला. जुन्या मित्रांपासून दुरावलात का? दोन वारले, म्हणाले, तिसरा रोज दुकानात येऊन बसतो. संध्याकाळी कुठं जाता? दुकान बंद करून घरी. चौथ्या प्रश्नाला सरांनी पेनाला टोपण लावलं. आमच्या सर्व्हेचा विषय बदलून ‘शहरातील पाणीटंचाई आणि अंतर्गत सुरक्षा’ झाला. तिचा परीक्षेचा फॉर्म तिथंच टेबलावर भरला गेला, अब्बा शेजारी बसून होते.

अब्बांची अट एकच, गटात मी नको. मी सर्व्हे एकटीनं केला. वीसपैकी बारा. शेरा: भाषा प्रचारकी. तिला अठरा.

माफीची चिठ्ठी मी तीनदा लिहिली. तिन्ही वेळा मथळा आला आणि खाली मागण्या. शेवटी तिच्या बाकापाशी जाऊन म्हटलं, चुकलं माझं. “हां, माहितीये,” ती म्हणाली आणि वहीत लिहीत राहिली.

हे लिहून झाल्यावर आधी तिच्याकडं दिलं. तिनं चार दिवस ठेवून घेतलं. दुकान कशाचं आहे आणि कुठल्या गल्लीत उघडतं, या दोन ओळी खोडून परत दिलं. खाली लिहिलं होतं, अब्बांना वाचून दाखवलं, चालेल म्हणाले. खोडलेल्या त्या दोन ओळी मला लई आवडल्या होत्या.