डावीकडे न मारलेले बॉल

प्रभाकर निखाडे गेल्याची बातमी मला जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत मिळाली. तोंडात कापूस, गळ्यापाशी तो हिरवा कागदी रुमाल, आणि खिशातला फोन थांबायचं नाव घेईना. डॉक्टरच म्हणाला, "अंकल, उठा लीजिए, कोई अर्जेंट होगा." मंदा होती, माझी बायको. "अहो, प्रभाकर भाऊजी गेले. सकाळी चहा पिता पिता..." पुढे तिला बोलवेना आणि मला कापसामुळे बोलता येईना. आता खरं सांगतो, कारण खरं सांगायचं म्हणूनच लिहायला बसलोय. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, सुटलो, आता ते कोणाला कळायचं नाही. आणि त्याच्या मागोमाग आलं, की पभ्याला ते माहीत होतं की नव्हतं, हे आता मलाही कधी कळायचं नाही. तेव्हा मात्र असं रडू फुटलं, की डॉक्टरला वाटलं हिरडीला सुई लागली.

इथे लोक त्याला प्रभाकरजी म्हणायचे, कोलकात्यात निखाडेदा, आणि मी पभ्या. जबलपूरच्या कारखान्याच्या मैदानावरून उठून कोलकात्याच्या मोठ्या क्लबचा गोलकीपर झालेला, तिथे नऊ वर्षं आणि मग गोव्यात चार वर्षं गोलात उभं राहून संसार चालवलेला, असा आमच्या मराठी मंडळींत तो एकटाच. शोकसभेला आमच्या मराठी मंडळाचा हॉल भरून गेला होता. जो उठेल तो तीच गोष्ट सांगत होता, ती पेनल्टी. ज्या पेनल्टीमुळे त्याला कोलकात्याचं बोलावणं आलं, ती. सगळ्यांना ठाऊक होतं की समोरच्या टीमचा दुबे नेहमी गोलकीपरच्या उजवीकडे मारतो, आणि त्या दिवशी नेमका त्याने डावीकडे मारला, आणि पभ्या डावीकडेच झेपावला. कसं काय कळलं असेल? अध्यक्ष म्हणाले, "उस दिन नर्मदा मैया ने ही कान में कहा होगा, बेटा, बाएं कूद." लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत! मी पहिल्या रांगेत ओठ चावत बसलो होतो. नर्मदामाईचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. मला बोलायला उठवलं तेव्हा "माझा जिवलग मित्र गेला" एवढंच बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला.

गोलात आधी मी होतो. हे कोणाला आठवत नाही, म्हणून ठासून सांगतो. आमचे दोघांचे बाप काटोलकडचे, इथे येऊन डिफेन्सच्या कारखान्यात लागलेले. एकाच कॉलनीत वाढलो, एकाच कारखान्यात चिकटलो. पभ्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कारखान्याच्या टीमचा गोलकीपर दोन सीझन मी होतो आणि वाईट नव्हतो. मग मला कावीळ झाली. महिनाभर उसाचा रस पीत पडलो होतो आणि माझ्या जागी त्याला उभा केला. बरा होऊन मैदानावर गेलो तर कोच म्हणाले, "विनायक, अभी थोड़ा आराम करो." ते 'अभी' पुढे कधी संपलंच नाही.

दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरचं काम काय असतं, हे कोणी विचारत नाही. मॅचच्या आधी वीस मिनिटं पहिल्या नंबरच्या गोलकीपरला बॉल मारायचे, त्याचं अंग गरम करून द्यायचं, आणि मग बेंचवर जाऊन बसायचं. तो पडावा, त्याला लागावं, असं मनात येऊ द्यायचं नाही. माझ्या मनात रोज यायचं. काय करू, त्याच्या हातात बॉल असा यायचा, जशी घरची मांजर मांडीवर येते. मी धडपडून अडवायचो, तो नुसता तिथे असायचा. बरं, माणूस वाईट असता तर जळायलाही मजा आली असती. तसाही नव्हता. माझी आई म्हणायची, "पभ्याले बोलाव जेवायले, मी धिरडी करून राहिली." तो यायचा, मोजदाद न ठेवता धिरडी खायचा, वर आईला ताट घासू लागायचा. तो गेला की आई मला ऐकवायची, "कसा मोकळा पोरगा आहे. तुझ्यावाणी तोंड पाडून नाही बसत." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझी आई, माझ्या घरचा तवा, आणि कौतुक त्याचं!

त्याच्यात एकच खोट होती आणि ती फक्त मला माहीत होती. लहानपणी त्याचा डावा घोटा मुरगळला होता, त्यामुळे डावीकडे खाली झेप घ्यायला त्याला किंचित उशीर व्हायचा. बघणाऱ्याला कळणार नाही इतका. रोज बॉल मारणाऱ्याला कळतो. म्हणून मी रोज न चुकता शेवटचे चार-पाच बॉल तिकडेच मारायचो, खाली, खांबाला लागून. दोन तरी आत जायचेच. तो धूळ झटकत उठायचा आणि हसायचा, "बे विनू, रोज तिकडेच काहून मारून राहिला?" मी म्हणायचो, "तुझ्या भल्यासाठीच नं, सवय होईल." कशाचं भलं अन् काय! तो बॉल जाळीत गेलेला पाहून मला दिवसभर बरं वाटायचं, एवढीच त्यातली गोष्ट होती.

मग ती फायनल आली, शहरातल्या दुसऱ्या कारखान्याच्या टीमशी. कोलकात्याहून क्लबचा माणूस येणार, असं आधीच कानावर आलं होतं, आणि तो कोणाला बघायला येतोय हे विचारायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी अधारतालच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर दुबे भेटला. त्यांच्या टीमच्या पेनल्ट्या तोच घ्यायचा. गप्पा चालल्या होत्या, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं... नाही, निघून गेलं नाही, मी सांगितलं. "दुबेजी, पेनल्टी मिले तो उसके बाएं मारना, नीचे. वो देर से गिरता है." दुबेने कप खाली ठेवला. "पक्का?" मी म्हणालो, "रोज मारता हूँ, मुझे नहीं मालूम होगा?" चहा संपवून घरी गेलो, जेवलो, आणि चांगली झोप लागली. लाज वाटायला सकाळ उजाडावी लागली.

मैदानावर नेहमीसारखे त्याला बॉल मारायला उभा राहिलो. उजवीकडे मारले, छातीवर मारले, वरून मारले. डावीकडे मारायला पाय वळेना. वीस मिनिटांत एकही मारला नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहायची तर सोयच नव्हती, मी सारखा बुटाची नाडी बांधत होतो. शेवटी तो बॉल पोटाशी धरून क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "बस?" मी म्हणालो, "बस."

आम्ही एका गोलने पुढे होतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली. देवाशपथ, त्या क्षणी मला काय हवं होतं हे मला आजही सांगता येत नाही. दुबेने मारला तो मी सांगितल्याबरहुकूम, डावीकडे, खाली, खांबाला लागून. आणि पभ्या बॉलच्या आधी तिथे होता. उशीर नाही, काही नाही, बॉल दुबेच्या पायातून सुटायच्या आधीच त्याचं अंग डावीकडे कललं होतं. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. शेवटची शिटी वाजली तसा मीही धावलो, त्याला मिठी मारली, उचलला पण. दुबे जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "यार विनायक, तूने तो मरवा दिया." पभ्या हाताच्या अंतरावर टॉवेलने तोंड पुसत होता. ऐकलं का त्याने? टॉवेल तोंडावरून खाली आला तेव्हा तो हसत होता, पण तो तर नेहमीच हसायचा. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या पोटात बसला तो बसलाच.

पंधरा दिवसांत तो कोलकात्याला गेला. स्टेशनवर माझी आई रडली, मी गाव सोडून गेलो असतो तरी इतकी रडली नसती. त्याची पत्रं यायची. चिखलाची मैदानं, मेसमधले मासे, हरलं की बाहेर थांबून शिव्या देणारे लोक आणि जिंकलं की त्याच लोकांनी डोक्यावर घेणं. डाव्या हाताची दोन बोटं मोडली तेही लिहिलं, जसं काही सर्दी झाली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला की कारखान्यात नोटीस बोर्डवर लागायचा, आणि त्या बोर्डासमोरून मला रोज दोनदा जावं लागायचं. एकदा त्याने एकाच मॅचमध्ये चार गोल खाल्ले. त्या संध्याकाळी मी घरी खोव्याची जिलबी घेऊन आलो. मंदाने विचारलं, "आज कायची खुशी?" मी म्हणालो, "असंच." आता लिहिताना हात थांबतोय, पण जिलबी आणली होती हे खरं आहे, आणि ती मला गोड लागली होती, हेही खरं आहे. देशाच्या टीमच्या शिबिराला त्याला बोलावलं तेव्हा मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. शेवटच्या निवडीत तो गळला, तर त्याचं सांत्वन करणारं पत्र लिहिलं. फार सुंदर पत्र झालं होतं ते.

पस्तिशीत गुडघा गेला तेव्हा तो गोव्याहून परत आला. तोवर त्याचं शोभावहिनींशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. अधारतालला घर बांधलं, एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायला लागला, आणि दर रविवारी सकाळी दहाला मी त्याच्याकडे जायला लागलो. का जात होतो? मैत्री होती म्हणून, हे आहेच. पण वाटायचं, आज बोलेल. तो वेताच्या खुर्चीत, मी दिवाणावर, पोहे, चहा, जुन्या मॅचेस, टीव्हीवरच्या गोलकीपरांना नावं ठेवणं. त्या पेनल्टीचा विषय पाहुणे काढायचे आणि तो दरवेळी म्हणायचा, "अंदाज लागला, बस." माझ्याकडे न पाहता म्हणायचा. मला वाटायचं, माहीत आहे याला. पुढच्या रविवारी वाटायचं, छे, काही माहीत नाही. पंचवीस वर्षं मी असा दर रविवारी विचारायला जायचो आणि पोहे खाऊन परत यायचो.

तिलवाऱ्याच्या घाटावर अग्नी दिला. तेरवी झाली. त्याच्यानंतरच्या रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहाचा कप हातात दिला आणि समोर बसल्या. "भाऊजी, शोकसभेत तुम्ही काही बोललेच नाही. मला वाटलं, आता तरी सांगाल."

"काय सांगू?"

"दुबेची गोष्ट."

मी कप बशीत ठेवला. वहिनी अगदी शांतपणे बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तसं. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं यांनी मला. म्हणे, विनू रोज डावीकडे मारायचा अन् त्या दिवशी एकही मारला नाही, माझ्याकडे पाहूनही नव्हता राहिला. तेव्हाच समजलो, हा कोणाला तरी सांगून आला. अन् तो दुबे बॉल ठेवायच्या आधी तुमच्या बेंचकडे पाहत होता म्हणे. मग काय, झेप घेतली."

तर असं होतं. मला आधी काय वाटलं सांगू? राग आला, भयंकर राग. आयुष्यात एकदा लबाडी केली, तीही धड जमली नाही, उलट त्याचंच भलं झालं त्यात! ज्या पेनल्टीने त्याला कोलकाता दिलं, ती मी दिली होती त्याला. आणि हा गडी चाळीस वर्षं ते पोटात ठेवून माझ्यासमोर पोहे खात बसला? खेळात तर पुढे होताच, मन मोठं करण्यातही हाच पुढे? जळावं तरी माणसाने किती! मी म्हणालो, जवळजवळ ओरडलोच, "मग मला एकदा तरी बोलला काहून नाही तो?"

"मी पण हेच म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, 'शोभा, त्याले सांगितलं तर त्याले शरम येईल अन् तो यायचा बंद होईल. मले विनू पाहिजे.'"

मी उठलो, चप्पल घातली आणि निघालो. निरोपही नीट घेतला नाही. घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं, पहिल्यांदा, टपरीपासून आतापर्यंत. शेवटी म्हणालो, आता मी त्या घरी पाऊल टाकणार नाही, कोणत्या तोंडाने जाऊ? ती पदराने डोळे पुसत आत गेली. पुढच्या रविवारी नऊला अंघोळ करून पेपर घेऊन बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. एका बातमीवरून नजर पुढे सरकेना. मंदा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांनी तुम्हाला बरोबर ओळखलं होतं हो."

तेच मला लागलं. मी तसाच उठलो, स्कूटर काढली आणि अधारतालला गेलो. वहिनींनी दार उघडलं, बाजूला झाल्या आणि न विचारता पोहे भिजवायला गेल्या. वेताची खुर्ची होती तिथेच होती, पाठीची उशी अजून तो टेकायचा त्या बाजूला कललेली. मी दिवाणावर माझ्या जागेवर बसलो.

आज पाच रविवार झाले, मी जातोय. शरम वाटते, तरी जातो. पभ्याने जन्मभर समोरच्याला नजरेत जोखलं आणि बहुतेक सगळं अडवलं. माझ्या बाबतीत तो इथे चुकला. एवढा एक गोल माझ्या नावावर राहू द्या.