क्लेम टॉनकिन पश्चिमेला निघाला तेव्हा

क्लेम टॉनकिननं चौतीस वर्षं जेम्सटाउनच्या शाळेची बस चालवली. एवढ्या वर्षांत बसला एकच ओरखडा आला, तोही कांगारूमुळं, हे तो भेटेल त्याला सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, वर्नानं, एक जुनी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. दर वर्षी मे महिन्यात आमच्याकडे हिवाळ्याची थंडी पडायला लागली की ती गाडीला जोडून दोघं किनाऱ्यानं पश्चिमेला निघायची. वाटेत सेडूनाच्या अलीकडे, माझ्या कॅरव्हॅन पार्कमध्ये, त्यांचा दोन आठवडे मुक्काम असायचा. अकरा वर्षं यात खंड पडला नाही. माझा नवरा गेला त्या वर्षी तर क्लेमनं मला न विचारताच पार्कातले सगळे गळके नळ दुरुस्त करून टाकले होते.

कॅरव्हॅन मागे घेऊन जागेवर लावणं ही आमच्याकडची संध्याकाळची करमणूक. कुणी आलं की आजूबाजूचे लोक बिअर घेऊन, खुर्च्या वळवून बसतात. क्लेमकडे मात्र कुणी वळायचं नाही. तो एका दमात आत यायचा. वर्ना उगाच मागे उभी राहून हात हलवायची आणि हा खिडकीतून म्हणायचा, "माशा हाकलून झाल्या असतील तर चहा टाक."

यंदा ते दोन दिवस उशिरा आले. क्लेमनं गाडी मागे घेतली, कॅरव्हॅन तिरकी गेली. पुढे घेऊन पुन्हा मागे घेतली, पुन्हा तिरकी. तिसऱ्या वेळी कुणीतरी ओरडलं, "काय रे क्लेम, तुझी बस पोरंच ढकलत जागेवर लावायची वाटतं!" लोक हसले. सहाव्या वेळी कुणी हसत नव्हतं. वर्ना दोन्ही हात खाली सोडून उभी होती. क्लेम खाली उतरला आणि माझ्यावर डाफरला, की मी जागेचे खुंट हलवलेत. खुंट होते तिथंच होते. मी म्हटलं, हो, थोडे हलवलेत, आण मी लावते. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. अकरा वर्षांत त्यानं त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या खोलीत वर्ना मला सगळं बोलली. पोर्ट ऑगस्टा सोडल्यापासून तो तिला विचारत होता की समुद्र कोणत्या हाताला लागणार. वाटेत किंबाला पेट्रोल भरलं आणि त्यानं गाडी सरळ घराच्या दिशेनं वळवली. नव्वद किलोमीटर उलटे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिच्या आधीच आलं होतं, पण ती बोलली नाही. सांगितलं असतं तर त्याचा चेहरा कसा झाला असता, ते तिला बघवलं नसतं.

"मग तू का नाही चालवत?" मी विचारलं.

तिनं डोळ्यांवरून हात फिरवला. दोन वर्षांपासून तिला समोर बघितलं की मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. "त्याला आठवत नाही आणि मला दिसत नाही, ग्लेनिस," ती म्हणाली. "दोघांचा मिळून एक ड्रायव्हर होतो. तेवढ्यावर इथपर्यंत आलो." त्यांची एकुलती एक मुलगी रोझलिन पश्चिमेकडे खाणीवर कामाला होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पुढचे काही दिवस बरे गेले. क्लेम सकाळी धक्क्यावर गळ टाकून बसायचा. व्हाइटिंग मासे चांगले लागत होते, आणि गाठ मारताना, मासा साफ करताना त्याचा हात कुठंही अडखळत नव्हता. मलाही वाटू लागलं की प्रवासाचा शीण असेल. वर्नाला तर तसं वाटायलाच हवं होतं.

मग एका दुपारी गावातल्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर पार्कात आला. म्हणाला, तुमच्याकडचा एक म्हातारा माझ्या बसच्या जागेवर गाडी लावून बसलाय आणि हलत नाही. मी वर्नाला घेऊन गेले. क्लेम शाळेच्या फाटकासमोर गाडीत ताठ बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मुलं केव्हाच दुसऱ्या बाजूनं बसमध्ये चढून गेली होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"आज पोरं उशीर करतायत," तो मला म्हणाला.

वर्ना त्याच्या खिडकीपाशी आली. तिनं हात पुढे केला. "क्लेम, किल्ली दे."

"का?"

"दे मला."

"आणि पोरांना घरी कोण सोडणार?"

वर्ना तशीच हात पुढे धरून उभी राहिली. शेवटी त्यानं किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि खाली उतरून मला स्टिअरिंगमागची जागा करून दिली, जणू मी बदलीवर आलेली ड्रायव्हर होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, आणि यापुढे गाडी चालवायची नाही असं लिहून दिलं. रोझलिनला फोन केला. खाणीवरची तिची कामाची पाळी संपून सुटी मिळायला नऊ दिवस होते.

ते नऊ दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी क्लेम दाढी करून, टोपी घालून किल्ली मागायचा. वर्ना रोज वेगळं कारण सांगायची. टायर बदलायला दिलाय, पुढे रस्ता बंद आहे, वारा फार आहे. पाचव्या दिवशी तिला खोटं बोलवेना. तिनं त्याला खाली बसवून खरं ते सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "मग तुला कोण नेणार गं?" सहाव्या दिवशी त्यानं दाढी केली, टोपी घातली आणि किल्ली मागितली. तिनं टायरचं सांगितलं.

व्हेल माशांच्या माद्या पिल्लांना घेऊन पश्चिमेकडच्या आखातात यायला लागल्या होत्या. तिथवर तीन तासांचा रस्ता. दर वर्षी ते कड्यावर बसून त्या बघायचे. मी म्हटलं, मी दोघांना नेऊन आणते, एका दिवसाचं तर काम. वर्ना नको म्हणाली. तिथून परत फिरताना तो विचारेल की पुढे का जात नाही, आणि ते तिला पुन्हा सांगायला लागेल.

रोझलिन आली. बापासारखीच धिप्पाड, कमी बोलणारी. बाप तिला ओळखून हसला, तेव्हा ती स्वच्छतागृहाच्या मागे जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कॅरव्हॅन गाडीला जोडली. क्लेमला मागच्या सीटवर बसवलं, वर्ना पुढे बसली. गाडी फाटकातून पूर्वेकडे वळली आणि क्लेम काचेतून माझ्याकडे बघत राहिला. त्याला काही विचारायचं होतं. मी हात केला. दुसरं काय करणार होते?

आता तो जेम्सटाउनच्या वृद्धाश्रमात असतो. वर्ना रोज दुपारी चालत त्याच्याकडे जाते. कधी कधी तो तिला ओळखतो. रविवारी ती मला फोन करते. पार्कात कोण कोण आलंय, वारा कुठला आहे, मासे लागतायत का, सगळं विचारते. मी सांगते. मग बोलायचं संपतं. तरी ती फोन ठेवत नाही, आणि मीही ठेवत नाही.