लाईट गेली की निघणारे अनिलभाऊ

धुळ्याला पेपर देऊन वर्गाबाहेर आलो, मोबाईल सुरू केला, तर वडिलांचे एकापाठोपाठ एक मिस्ड कॉल. वडील सहसा स्वतःहून फोन करत नाहीत. मी लावला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अनिलले ऊन लागनं. तू निंघी ये." ऊन लागणं आमच्याकडे उन्हाळ्यात कानावर येतच असतं. कांदा हुंगवतात, पन्हं पाजतात, संध्याकाळपर्यंत माणूस उठून बसतो. मीही तसंच धरून चाललो होतो. पण जळगावच्या एसटीत बसल्यावर ध्यानात आलं, की वडिलांनी पेपर कसा गेला ते विचारलंच नव्हतं...

अनिलभाऊ माझ्या आत्याचा मुलगा. गाव आमचं एरंडोलजवळ, पण भाऊ बऱ्याच वर्षांपासून जळगावला पिंप्राळ्यात राहायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, मागे घर. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कोणत्या विषयाला प्रवेश घ्यायचा हे सांगणारं घरात कोणी नव्हतं, ते भाऊंनी सांगितलं. जुन्या सुट्या भागांतून एक कॉम्प्युटरही त्यांनीच जोडून दिला. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायचो. मी पोचलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असलं की मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "हाऊ कालेजवाला उना. आते आम्हले शिकाडी!" मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

दुकानाशिवाय भाऊंकडे एक काम होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एमआयडीसीत चटईचा एक कारखाना आहे, तिथला सर्व्हर ते सांभाळायचे. मालाची बिलं त्याच मशीनवर निघतात. ती बंद पडली की भरलेल्या ट्रका फाटकाशी उभ्या. एका उन्हाळ्यात लाईट आली, गेली, परत आली, परत गेली. मशीन प्रत्येक वेळी आपोआप सुरू होत राहिली आणि शेवटी डिस्क जळाली. शेठजी सगळ्यांदेखत भाऊंना नको ते बोलले. त्या दिवशी भाऊंनी बायोसमध्ये जाऊन एक सेटिंग बदललं. कॉम्प्युटर सुरू होताना एक कळ दाबली की हा बायोस उघडतो. मशीनने मुळात कसं वागायचं ते तिथे ठरतं. लाईट परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की बंदच राहायचं, असं तिथे विचारलेलं असतं. भाऊंनी बंद केलं. आता लाईट आली, स्थिर झाली, की कोणीतरी जाऊन बटण दाबायचं. ते कोणीतरी म्हणजे भाऊच. खोलीची चावी त्यांनी दुसऱ्या कुणाकडे दिली नाही.

मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो तेव्हा त्यांनी मला तो स्क्रीन दाखवला. त्या सेटिंगच्या खाली एक ओळ करडी, पुसट होती. बाण तिच्यावर थांबतच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "ती आपली नही. कंपनीनीच बंद करेल शे." इंग्रजी अक्षरांवरून त्यांचं बोट सरळ पुढे गेलं.

यंदाच्या उन्हाळ्यात लाईट फार जायची. भर दुपारी पंखा थांबला की घरात सगळेच गप्प व्हायचे, कारण आता फोन वाजणार हे ठाऊक असायचं. भाऊ जेवत असले तर ताट सरकवून उठायचे. मी एप्रिलमध्ये दोन दिवस गेलो तेव्हा ते मला बारीक दिसले. परत आले की स्कूटर स्टँडवर लावताना एका हाताने भिंत धरायचे. घाम येत नव्हता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं, पण ते ऊन बाधल्याचं लक्षण असतं हे माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "वॉचमनले चावी द्या ना." भाऊ हसले, "मंग तोच इंजिनेर, मी वॉचमन!" हसताना त्यांचे ओठ फुटलेले दिसले...

त्या दिवशी लाईट सकाळपासून ये-जा करत होती. भाऊ एकदा जाऊन आले, मग पुन्हा गेले. पुढचं वॉचमनने सांगितलं. भाऊ खोलीत शिरले, लाईट टिकते का ते बघत बसले, मग मशीन सुरू झाली. बिलं निघाली, एकेक ट्रक फाटकाबाहेर पडली. सगळ्या ट्रका गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की अनिलभाऊ बाहेर आलेले नाहीत.

भाऊंच्या दशक्रियेनंतर शेठजींनी मला बोलावलं. दुसरा माणूस मिळेपर्यंत मशीन बघ म्हणाले. आवाज खाली गेलेला होता. मी बायोस उघडला. रोज कोणी यायचं, हा प्रश्न होताच, म्हणून वरचं सेटिंग 'बंद'वरून 'चालू'वर नेलं. डिस्क पुन्हा जळेल अशी भीती वाटत होती. तेवढ्यात खालची करडी ओळ पांढरी झाली. बाण तिच्यावर जाऊन थांबला. लाईट आल्यावर किती वेळ थांबून सुरू व्हायचं, ते त्या ओळीत भरता येत होतं. वरचं 'बंद' असेपर्यंतच ती पुसट राहते. मशीन बनवणाऱ्या कंपनीने काहीच बंद केलेलं नव्हतं. मी त्यात काही मिनिटं भरली.

गेल्या आठवड्यात पिंप्राळ्याला गेलो होतो. बोलता बोलता लाईट गेली. वहिनी उठल्या, खुंटीवरचा टॉवेल बादलीत बुडवला आणि तो घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ डोक्याला गुंडाळायचे तो. मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"आते तुले जानं पडस का?"

"नाही वहिनी. आता मशीन आपोआप सुरू होते. लाईट टिकली की."

"पहिले व्हत नव्हती?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण त्या वाट बघत होत्या.

"झाली असती. तशी सोय होती मशीनमध्ये."

टॉवेलमधून पाणी फरशीवर गळत होतं.

"त्यास्ले माहीत व्हतं?"

"नाही."

"मंग बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी टॉवेल घट्ट पिळला, मागच्या दारी दोरीवर वाळत घातला, आणि लाईट येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.