थोरल्या भावासाठी भरलेली फी

खांद्यासाठी जिमला जातो म्हटलं की लोक हसतात. हसू देत. सिल्व्हर पार्कातल्या जिममध्ये मी वर्षाची फी एकदम भरली, तेव्हा तिथल्या ट्रेनर बाईंनीही विचारलं होतं, "अंकल, टार्गेट क्या है? वेट लॉस?" मी म्हटलं, "कंधा." खरं कारण त्यांना सांगून काय उपयोग? कारण होता माझा थोरला भाऊ.

गेल्या वर्षी आई गेली. भाऊ मडकं धरून पुढे चालत होता, मागे तिरडीला माझा खांदा. स्मशानाच्या चढावर माझ्या गुडघ्यानं दगा दिला आणि तिरडी कलली. पडली नाही, नुसती कलली. मडकं धरणाऱ्यानं मागे वळून बघायचं नसतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. हा वळला. मला बोलायला वळला.

"हो बाजूला! तुला न्हाय झेपायचं. आईला पाडशील."

सगळं गाव ऐकत होतं. माझ्या जागी त्यानं स्वतःच्या जावयाला बोलावलं. आईनं मला नऊ महिने पोटात वागवलं, आणि शेवटच्या वाटेवर तिला पोचवलं ह्याच्या जावयानं. त्याच दिवशी ठरवलं, आता ह्याला मी उचलणार. त्याच्याआधी मरायचं नाही, आणि त्याच्या तिरडीखालून मला कुणी बाजूला करायचं नाही.

बूट घेतले, गुडघ्याचे पट्टे घेतले, दुधात घालायची ती चुन्यासारखी पावडरही घेतली. बायको म्हणाली, "अहो, मिठागरात राबलात तेव्हा अनवाणी होतात. आता कुठली शर्यत लागलीय?" म्हातारी माणसं तब्येतीसाठी खर्च करतात म्हणे. करत असतील. माझे पैसे रागापायी गेले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

अशा बातम्यांना पाय फुटतातच. भाचीच्या हळदीला भावानं चारचौघांत विचारलं, "म्हातारपणी पैलवान होतोस काय रं?"

मी सांगून टाकलं. "तुझ्यासाठी जातोय, दादा. तुझी तिरडी उचलायला."

वाटलं, आता हात उगारतो. पण तो एवढंच म्हणाला, "बघतो कोन कोनाला उचलतो ते."

सोमवारी सकाळी हा जिममध्ये हजर. पायात नवे बूट, माझ्यापेक्षा महागाचे.

तेव्हापासून आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर चालतोय, एक शब्द न बोलता. मी स्पीड वाढवला की तोही वाढवतो. ट्रेनर बाई बाकीच्यांना सांगतात, "देखो, दोनों भाइयों में कितना प्यार है!" डोंबलाचं प्यार.

काल तो आला नाही. शेजारचं मशीन रिकामं. मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी सारखा दाराकडे बघत राहिलो आणि अर्ध्यातच घरी आलो. ताट वाढलेलं होतं, घास उतरेना. शेवटी फोन लावला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"मेलो न्हाय अजून," तिकडून तो खेकसला. "नातीची शाळेत मीटिंग हाय. उद्या येतोय."

"मला काय करायचंय?" म्हणालो आणि फोन आपटला.

मग बायकोला म्हटलं, आणखी एक भाकरी वाढ.