सतरंजीची रिकामी बाजू

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या बसस्टँडवर भजी खात उभा होतो. त्यांच्या भाच्यानं सांगितलं, दुपारचं जेवण झालं, खुर्चीत टेकल्या आणि तशाच… मी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि उरलेली भजी संपवली. मागाहून स्वतःचीच लाज वाटली. पण ताईंनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, "बरं केलं. अन्न काहून टाकायचं?" सत्तरी ओलांडलेलं, भरभरून जगलेलं आयुष्य होतं ते. रडू आलं, पण देवाकडे तक्रार करावीशी वाटली नाही.

आमच्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या कंपनीच्या त्या सर्वेसर्वा. मूळच्या भंडाऱ्याच्या, विणकराच्याच घरातल्या. शिकून मोठ्या शहरात गेल्या, तिथल्या कापड कंपनीत वरच्या हुद्द्यावर पोचल्या. तिथल्या मालकांना यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकायचं होतं. ताईंनी "माझी सही नाही मिळणार" म्हणून खुर्ची सोडली. गोंदिया वेगळा होऊन आमचा जिल्हा निम्मा उरला होता आणि जो तो नागपूरची वाट धरत होता, त्या दिवसांत या उलट्या दिशेनं आल्या. हाताशी वीसेक विणकर, एक जुनी जीप, आणि माल तपासायला मी. माझी नोकरी नवी, अक्कल त्याहून नवी.

आमच्याकडचे बहुतेक माग खड्ड्याचे. विणकर पाय खड्ड्यात सोडून जमिनीलगत बसतो, त्यामुळे उभ्यानं बोलणाऱ्याला त्याचं नुसतं डोकं दिसतं. म्हणून ताईंच्या जीपमध्ये एक निळी सतरंजी असे. कुणाच्याही घरी गेल्या की चपला बाहेर, सतरंजी मागाशेजारी, आणि ताई विणकराच्या डोळ्यांसमोर मांडी घालून. "माणसाशी बोलायचं तर त्याचे डोळे दिसले पाहिजेत," एवढंच त्यांचं व्यवस्थापनशास्त्र. आणि एक नियम होता, तो मात्र कडक. चूक सांगायची ती मागापाशी, दोघांत. कौतुक करायचं ते चारचौघांत.

हा नियम मी मोडला. शहरातल्या एका दुकानातून साडी परत आली. काठाचे धागे जागोजागी सुटलेले. प्रत्येक साडीला विणकराच्या नावाची चिठ्ठी असे आणि हिच्या चिठ्ठीवर होतं सहदेवभाऊंचं नाव. हे आमचे सगळ्यात जुने विणकर. मला वाटलं, मोठ्या माणसाला टोकलं की बाकीचे आपोआप सुधारतील. महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर साडी उलगडली आणि नाव घेतलं. सहदेवभाऊ उठले, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं कंपनीचं सगळं सूत परत आणून दिलं.

ताई तेव्हा नागपूरला गेलेल्या. आल्यावर त्यांनी साडी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला. "हा हात सहदेवभाऊचा नाही," म्हणाल्या. मी चिठ्ठी दाखवली. "चिठ्ठी लिहिता येते बाबू, मागावरचा हाताचा ठोका लिहिता येत नाही. बघ पुन्हा." कपाट उपसलं तेव्हा त्याच दिवशीची दुसरी साडी सापडली, घट्ट विणीची, देखणी, आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव. घड्या घालताना मीच दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. खोलीत कुणी नव्हतं. चिठ्ठी फाडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता… खोटं कशाला बोलू, फाडायला हात गेलाही होता. पण दारातून ताई पाठमोऱ्या दिसत होत्या, माझ्यावर लक्षही नव्हतं त्यांचं. तेच सोसवेना. जाऊन सांगितलं आणि वर म्हणालो, राजीनामा देतो.

"तू घरी बसल्यानं त्याचा माग सुरू होते काय?" ताई म्हणाल्या. "जीपमध्ये बस."

सहदेवभाऊंचा माग आठ दिवस बंद होता, पण ते खड्ड्यातच बसले होते. दुसरीकडे कुठं बसायची त्यांना सवयच नव्हती. ताईंनी सतरंजी अंथरली, स्वतः बसल्या, मला बाजूला बसवलं. मी बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "भाऊ, माणूस माहा, म्हणून चुकीबी माही." मग मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. सहदेवभाऊंनी वर पाहिलं नाही. "चारचौघांत नाव घेतलं ना जी," ते आडवा धागा नेणाऱ्या धोट्याकडे बघत म्हणाले. "आता घरात येऊन काय सांगून राहिला मले?"

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. दोन्ही साड्या उलगडल्या, माझी चूक सांगितली, हात जोडले. ताई मुद्दाम मागच्या ओळीत बसल्या होत्या. सहदेवभाऊ आले होते. संध्याकाळी सूत घेऊन गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी उत्तम माल दिला. माझ्याशी बोलणं मात्र खड्ड्यातूनच, कामापुरतं. मी एकदा ताईंकडे कुरकुर केली तर म्हणाल्या, "सूत आणि माणूस ओढून जोडता येत नाही. त्याच्यापाशी बसत राहा."

निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांची खुर्ची मला मिळाली आणि किल्ल्यांबरोबर ती सतरंजीही. निळा रंग आता विटला आहे.

गेल्या पंधरवड्यात सहदेवभाऊंकडे गेलो. ताई गेल्याची बातमी त्यांना कळली होतीच. माग चालू होता. मी सतरंजी अंथरली आणि कडेला बसलो. माग थांबला.

"ताईची जागा रिकामी सोडली काय?" सहदेवभाऊंनी विचारलं.

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. ताईंनी त्या दिवशी जिथं बसवलं होतं तिथंच, त्यांची बाजू मोकळी ठेवून, मी इतकी वर्षं बसत आलो होतो. सहदेवभाऊंनी धोटा बाजूला ठेवला, दोन्ही हात टेकून हळूहळू खड्ड्यातून वर आले आणि माझ्या शेजारी, सतरंजीच्या रिकाम्या बाजूला बसले.

"सरक जरासा," म्हणाले. "अन् सूनबाई, चहा मांड वो. दोघांचा."